कुणी म्हटलंच नव्हतं

जळगावात शाळेवर नोकरी लागली आणि मी खोली शोधायला निघाले, तेव्हा घरमालक आधी माझं नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव. आडनाव कळलं की ते भिंतीकडे बघत म्हणायचे, "खोली कालच दिली हो." साक्रीहून माझे वडील सोबत आले होते. आम्ही बौद्ध, आणि वडिलांना या "कालच"ची सवय होती. मला नव्हती. दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं.

शेवटी एका कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत आम्ही आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. आबा नुकतेच त्या जिनिंगच्या मुकादमकीतून मोकळे झाले होते. उंच, सुकलेले, पांढरी टोपी, आणि आवाज इतका खालचा की पुढे वाकून ऐकावं लागे. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी आणून दिलं. आबांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाले,

"ताई, तिसरं महायुद्ध झालं का हो?"

मी वडिलांकडे पाहिलं. वडील तांब्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नाही. अजून तरी नाही."

"सिनेमा कुठून बघता? पहिल्यापासून?"

"हो. तिकीट काढल्यावर पहिल्यापासूनच बघणार ना."

"आणि गाडी घ्यायची झाली, तर कोणती घ्याल?"

आमच्या घरी तेव्हा नुसती एक सायकल, तीही वडिलांची. आमच्या गावात साहेब लोक पांढऱ्या अँबॅसिडरमधून यायचे, म्हणून मी म्हटलं, "अँबॅसिडर."

एवढा वेळ ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलायच्या आधीच शब्द पकडायचा असावा तसे. मग ते मागे टेकले आणि स्वतःशीच म्हणाले, "नाही. या नाहीत." आणि आतल्या बाजूला मान वळवून मोठ्याने, "अक्का, खोली यांना दिली."

रस्त्याला लागल्यावर वडील म्हणाले, "माणूस चांगला दिसतो. पण बाई, आतून कडी लावत जा."

कडीची गरज कधी पडली नाही. आबांनी त्यानंतर मला एकही विचित्र प्रश्न केला नाही. ओळखीच्या माणसांशी ते कधी वाद घालत नसत. अक्का, मी, शेजारचा शिंपी, दूधवाला, कुणीही काहीही म्हटलं की "बरं" म्हणून मोकळे. मीठ जास्त झालं तरी बरं, वीज गेली तरी बरं. हा माणूस वाद घालायचा तो फक्त अनोळखी लोकांशी. आणि तेही त्यांनी न म्हटलेल्या गोष्टींवर.

हे मला कळलं ते धुळ्याच्या एसटीत. शनिवारी शाळा सकाळची असायची. मी दुपारच्या गाडीने धुळ्याला आणि तिथून साक्रीला घरी जायची. आबांची लेक धुळ्यात दिलेली, तेही शनिवारी तिच्याकडे जायचे. पहिल्याच खेपेला माझ्या पुढच्या सीटवर ते बसले, शेजारी बियाण्याची पिशवी मांडीवर घेतलेला एक शेतकरी. गाडीने एरंडोल सोडलं. शेतकरी खिडकीबाहेर बघत होता. आबा त्याला म्हणाले,

"नाही हो. तसं नाही."

"काय तसं नाही?"

"तिसरं महायुद्ध अजून झालेलं नाही."

"मी कुठं म्हटलं झालं म्हणून?"

"म्हटलं नाहीत. पण झालेलं नाही." आणि आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पुरावे द्यायला सुरुवात केली. झालं असतं तर पेपरात आलं असतं. घासलेट मिळेनासं झालं असतं. रशिया आणि अमेरिका दोघंही अजून जागेवर आहेत, नकाशा तोच आहे.

शेतकरी आधी हसला. मग चिडला. मग गप्प झाला. पारोळ्याच्या अलीकडे तो उठून मागच्या सीटवर जाऊन बसला. पण उठताना त्याने आपल्या दुसऱ्या बाजूला, खिडकी आणि स्वतःच्या मधल्या बोटभर जागेत वळून पाहिलं. आबा आपल्याशी बोलत नसून आपल्या पलीकडच्या कुणाशी तरी बोलत होते, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. मी त्याच्या आधीच त्या जागेकडे पाहिलं होतं.

हळूहळू मला त्यांची रीत कळली. राजकारणाचा विषय गाडीत एकदा पेटवला की आबा स्वतः गप्प व्हायचे. इराण-इराक चालू होतं, रशियाची फौज अफगाणिस्तानात होती. लोक तावातावाने भांडायचे, कुणी रशियाच्या बाजूने, कुणी अमेरिकेच्या. आबा मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत बसायचे, खोटं नाणं वाजवून बघावं तसे एकेकाचं बोलणं ऐकायचे, आणि मग बाहेर बघायला लागायचे. कुणी त्यांना म्हणालं, "बरोबर आहे बाबा तुमचं," की त्या माणसातला त्यांचा रस संपला.

गाड्यांचंही तसंच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांनी नवी छोटी मोटार आणली होती, लाल रंगाची. त्यांचा पाहुणा फडक्याने काच पुसत होता. आबा जवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नाही साहेब. ट्रकपेक्षा हीच बरी."

"ट्रकचं कुणी काढलं?" पाहुणा म्हणाला.

"ट्रक फार मोठा. घरापुढे लावायचा कुठे? डिझेल किती पिणार?"

"अहो, पण मला ट्रक घ्यायचाच नाहीये!"

"नाही ना?" आबांनी त्याच्याकडे बघत विचारलं. "नक्की नाही?" त्या "नक्की नाही"त असं काही होतं की त्या बिचाऱ्याच्या हातातलं फडकं थांबलं. एवढ्या गयावया करून कुणी कुणाला ट्रकबद्दल विचारत नाही.

सिनेमाला मात्र ते अक्कांना आणि मला हौसेने न्यायचे. तीनच्या खेळाला. पडद्यावर काय चाललंय याच्याकडे त्यांचं लक्ष नसे. मध्यंतर झालं की बाहेर जाऊन दारापाशी उभे राहायचे. बाहेर शेंगदाणे घेणाऱ्या कुणालाही धरून सांगायचे, "नाही, सिनेमा पहिल्यापासूनच बघायला हवा. नुसता मध्यंतरापासून बघून कळत नाही." लोक म्हणायचे, "अहो, आम्ही पहिल्यापासूनच बसलोय." तरी आबा दारातच. मध्यंतर संपून आत अंधार झाला, सगळे जागेवर गेले, की ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. आता कुणी येतं का ते बघत. एकदा त्यांना बोलवायला मी बाहेर गेले. टळटळीत ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आबा त्या रिकाम्या रस्त्याला हळू आवाजात सांगत होते, "ये ना. अर्धाच झालाय." मी हाक न मारताच आत परत गेले.

शेवटी मी अक्कांना विचारलं. उन्हाळ्याचे दिवस होते. गच्चीवर आम्ही दोघी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालत होतो. अक्का घरी अहिराणी बोलायच्या, मीही साक्रीची, त्यामुळे आमचं त्याच भाषेत चालायचं. इथे मी ते शाळेतल्या मराठीत सांगते.

आबांचं मूळ गाव चोपड्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचं शेत. दोघेच भाऊ, थोरला आबांपेक्षा थोडाच मोठा. हा थोरला जन्मजात उलटा. ताटावर बसला तर म्हणणार जेवण झालंय. पाऊस पडत असला तर म्हणणार थांबलाय. पण त्याची काही ठाम मतं होती आणि ती जगात दुसऱ्या कुणाची नव्हती.

गावात तंबूतला सिनेमा यायचा. मध्यंतरानंतर दारावरचा माणूस उठून जायचा, तेव्हा पोरं तंबूखालून आत शिरायची. थोरला म्हणायचा, सिनेमा मध्यंतरापासूनच बघावा, आधी नुसत्या ओळखीपाळखी होतात. फौजेचे टाकून दिलेले ट्रक तेव्हा केळी वाहायला आले होते. दोन्ही भावांना पायताण नव्हतं, पण मोटार घेतली तर कोणती यावर रोज भांडण. थोरला म्हणायचा, घेतला तर ट्रकच घेईन, मोटारीत चार माणसं मावतात, ट्रकात गाव मावतं.

आणि तिसरी गोष्ट महायुद्धाची. दुसरं महायुद्ध चालू आहे ही बातमी त्यांच्या वस्तीवर पोचली ती ते संपत आल्यावर. तेव्हापासून थोरल्याने डोक्यात घेतलं होतं की तिसरंही असंच. पुढे दोघे जाणते झाले, थोरल्याचं लग्न झालं, तरी तो हेच म्हणायचा. अक्कांनी त्याचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. "तिसरं कव्हयच व्हई गये. आपले कोनी सांगंच नही." तिसरं कधीच होऊन गेलं, आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

"एक दिवस दुपारी केळीत दोघं काम करत होते," अक्का म्हणाल्या. "थोरल्यानं पुन्हा तेच काढलं. हे वैतागले होते. म्हणाले, तू वेडा आहेस, पुन्हा हे बोललास तर माझ्याशी बोलू नकोस. तर त्यानं कुदळ खाली ठेवली. रागावला नाही काही नाही. म्हणाला, भुसावळला फौजेच्या गाड्या थांबतात, शिपायाला विचारून येतो. आणि गेला."

"मग?"

"मग काय. गावातल्या एकानं त्याला भुसावळच्या फलाटावर पाहिलं होतं. फौजेची गाडी थांबलेली. हा खिडकीच्या गजाला हात लावून आतल्यांशी वाद घालत होता. गाडी हलली, निघून गेली. फलाट मोकळा झाला. तो त्या फलाटावर नव्हता."

अक्कांनी पातेल्यातलं पीठ निपटून घेतलं. "चेहरा काय, बदलतो. मतं कशी बदलतील त्याची? म्हणून हे त्याच्या उलटं बोलत फिरतात. ऐकून कुणीतरी म्हणेल, नाही, झालंय. तो तोच."

"पण अक्का, ते तरुण पोरांनाही विचारतात. मलाही विचारलं."

"तो कोणत्या अंगानं परत येईल, काय सांगावं?"

आमच्या घरात आत्मा, पुनर्जन्म असलं काही मानत नाहीत. वडिलांनी ते लहानपणीच डोक्यातून काढून टाकलेलं. तरीही त्या भर उन्हात माझ्या हातावर काटा आला. त्या घरात मला जागा मिळाली होती ती आबा असे कुणातरी दुसऱ्याला शोधत होते म्हणून.

"आणि थोरल्यांची बायको?" मी विचारलं.

"वहिनी आहेत ना. शेतावरच राहतात. अजून कपाळभर कुंकू लावतात. हे दर दिवाळीला हिरव्या बांगड्या घेऊन जातात आणि सांगतात, अजून नाही सापडला. त्या म्हणतात, बरं."

त्यानंतर माझीच पंचाईत झाली. धुळ्याच्या स्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, बँकेच्या रांगेत, कुणी युद्धाचं काही बोलू लागलं की मी त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. ते वाक्य ऐकायची मला भीती वाटायची, आणि ते आलं नाही की थोडं वाईटही वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मग आखातात युद्ध पेटलं. पेपरात रोज नकाशे. एसटीत दुसरा विषय नाही. जो तो म्हणायचा आता तिसरं महायुद्ध होणार. आबांना काही पेटवावं लागत नव्हतं, सगळी गाडी आपणहून पेटलेली. त्या दिवसांत ते शनिवारचेच नाही तर रोज धुळ्याला जायला लागले. जेवण तुटलं. टोपी डोक्यावर सैल दिसायला लागली. अक्का मला म्हणाल्या, "शनिवारी तरी तू त्यांच्या जवळची जागा धर."

युद्ध थांबल्याची बातमी आली, शिमगा नुकताच झाला होता आणि ऊन तापायला लागलं होतं, त्यातल्याच एका शनिवारची गोष्ट. आबा आणि मी शेजारी बसलो होतो. समोरच्या सीटवर दोघं बोलत होते. एक म्हातारा म्हणाला, "चला, संपलं. तिसरं महायुद्ध टळलं."

त्याच्या शेजारी पंचविशीचा एक पोरगा होता, हातात कंपनीची बॅग, केस नीट विंचरलेले. तो सहज म्हणाला,

"तिसरं कव्हयच व्हई गये. आपले कोनी सांगंच नही."

आबांचा हात माझ्या मनगटावर पडला. बर्फासारखा गार होता. गाडीचा आवाज चालू होता, कंडक्टर तिकिटं विचारत होता, पण मला ते सगळं लांबून ऐकू यायला लागलं. आबांनी पुढे वाकून, अगदी हळू म्हटलं,

"नाही. झालेलं नाही."

"झालंय बाबा," पोरगा हसत मागे वळला.

"सिनेमा... सिनेमा पहिल्यापासून बघावा."

"छे. मध्यंतरापासून. आधी नुसत्या ओळखीपाळखी."

"गाडी..."

"ट्रक," पोरगा म्हणाला. "गाडीत चार माणसं मावतात..."

"ट्रकात गाव मावतं," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मी आयुष्यात इतका आनंदी माणूस पाहिला नाही आणि इतकी भीतीही मला कधी वाटली नाही. कारण त्या पोराचा चेहरा मी बघत होते आणि क्षणभर मला खरंच वाटलं की त्याच्या आत कुणीतरी बसून आमच्याकडे बघतंय.

मीच विचारलं. आबांना विचारवणार नाही हे दिसत होतं. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"आमच्या गावात बठ्ठेच म्हणतात ताई," पोरगा म्हणाला. "पारोळ्याजवळचं गाव. गंमतच झालीय त्याची. मामानं आणलं ते. मामाला मागं याच गाडीत एक म्हातारा भेटला होता. जरा डोक्यावर परिणाम झालेला. तो उगाचच म्हणत होता, झालेलं नाही, झालेलं नाही. सिनेमाचं, ट्रकचं, सगळं त्यानंच काढलं. कुणी असं असं म्हणालं तर ऐकू नका, म्हणून ती वाक्यंही म्हणून दाखवली. मामा म्हणाला, माणूस एवढा जीव तोडून नाही म्हणतो त्या अर्थी झालंच असणार. तेव्हापासून गावात पोरंसोरंसुद्धा तेच म्हणतात. आमच्या सोयऱ्यांच्या गावांतपण गेलंय ते."

तो अजून हसतच होता. मग त्याने आबांकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. बहुतेक त्याच्या लक्षात आलं.

पारोळ्याला गाडी थांबल्यावर आबा उतरले. मीही उतरले. स्टँडच्या बाकावर ते बसले आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. माणसं येत होती, जात होती, आपापसांत बोलत होती. आबा एकाच्याही तोंडाकडे बघत नव्हते. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"बठ्ठा मुलुख मन्हा भाऊ व्हई गया." सगळा मुलुखच माझा भाऊ होऊन गेला. मग माझ्याकडे वळून, "आता मी त्याला ओळखायचा कसा?"

मी त्यांना धुळ्याच्या नाही, जळगावच्या गाडीत बसवलं.

त्या दिवसानंतर आबा अनोळखी माणसांशी बोलेनासे झाले. दारात कुणी आलं तर आत जायचे. आठवडाभर त्यांनी ओट्यावर पाय ठेवला नाही. मग एका रविवारी सकाळी अक्कांना म्हणाले, "चोपड्याला जाऊन येऊ. वहिनींना सांगून टाकू, तो नाही म्हणून. त्याचं काय ते करून टाकू." अक्का मला म्हणाल्या, "तू चल. माझ्यानं एकटीनं हे नाही व्हायचं."

तापीच्या पुलावर आबांनी डोळे मिटून घेतले. चोपड्याहून पुढे टेम्पोने, मग पायी. केळीच्या बागेतून वाट जात होती. आत शिरल्यावर बाहेरचं ऊन आणि आवाज दोन्ही बंद झाले. नुसती पानं एकमेकांना घासत होती. बागेच्या टोकाला घर होतं आणि दारात वहिनी मिरच्या निवडत बसल्या होत्या. लहान चणीच्या, पाठ वाकलेली, कपाळावर मोठं कुंकू.

आम्हाला पाहून त्या म्हणाल्या, "दिवाळी नाही काही नाही, आज कसे?"

आबा खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "वहिनी, मी थकलो. आता नाही शोधवत. तो गेला असंच धरून चालायला हवं. तुम्ही मला..."

"गेलाच आहे," वहिनी म्हणाल्या. आणि एक मिरची बाजूला टाकली.

अक्कांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तो गेला त्याच महिन्यात मला कळलं," त्या म्हणाल्या. "तो आला होता ना इथं."

आबांनी मान वर केली.

"अशीच दुपार होती. मी इथंच बसले होते. वर पाहिलं तर दारात उभा. मी म्हटलं, आलात? हो म्हणाला. जेवलात का? हो म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या भावाशी भांडून गेलात ते चुकलंच तुमचं. तर म्हणाला, हो." वहिनींनी आबांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. अंतरपाट धरला होता तेव्हासुद्धा, हे माझं लग्नच नाही, म्हणणारा माणूस तो. माझ्यासमोर उभा राहून तीन गोष्टींना हो म्हणाला. तिथंच मी ओळखलं. पाणी आणते म्हणून आत गेले, येऊन बघते तर दार मोकळं. मी सकाळीच दारात सारवलं होतं. ओलं होतं अजून. त्यावर पाऊल नव्हतं."

अक्कांनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, मला आठवत नाही.

"मग मला का नाही सांगितलं?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "एवढी वर्षं! मी गाडी गाडी पालथी घातली. लोक वेडा म्हणाले मला."

"सांगणारच होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. तुमचं तोंड मी पाहिलं. दोन दिवस तुम्ही विहिरीच्या काठावर जाऊन बसत होतात, सगळ्या गावाला दिसत होतं. तुम्ही म्हणालात, वहिनी, मी त्याला शोधून आणतो. मग मी कशी सांगू? शोधायला जिवंत राहावं लागतं. म्हणून म्हटलं, शोधा. आणि कुंकू ठेवलं. कुंकू पुसलं असतं तर तुम्ही काय शोधलं असतंत?"

आबा लहान पोरासारखे रडायला लागले. अक्का त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. वहिनींनी त्यांना रडू दिलं. मिरच्यांचं सूप बाजूला सारलं, कोपऱ्यातल्या घागरीत पदराचं टोक बुडवलं आणि कपाळ पुसून काढलं. दोनदा पुसावं लागलं, पदरातलं पाणी दारातल्या फरशीवर सांडलं. मग त्यांनी पदर नीट खोचला आणि आबांना विचारलं,

"चहात साखर चालते ना अजून? का डॉक्टरनं बंद केलीय?"

"चालते," आबा म्हणाले.

वहिनी चूल पेटवायला आत गेल्या. जाताना त्या पाण्यातून त्यांची ओली पावलं फरशीवर उमटली, आणि आम्ही तिघंही, कुणी कुणाला काही न सांगता, ती वाळेपर्यंत तिकडेच बघत बसलो.